तुतारी मूकपटाची आहे

‘प्रभात’ची तुतारी म्हटलं की लोकांच्या कानांत आधी सूर घुमतो आणि मग ‘संत तुकाराम’मधले विष्णुपंत पागनीस डोळ्यांपुढं येतात. हे स्वाभाविक आहे. पण आम्हा कोल्हापूरकरांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, ती आज जाहीरपणे सांगतो. ही तुतारी मूकपटाची आहे. प्रभात फिल्म कंपनी 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात सुरू झाली. ‘आलम आरा’ मुंबईत लागला 14 मार्च 1931 ला, आणि प्रभातचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ लोकांसमोर आला 1932 च्या फेब्रुवारीत. तोवर प्रभातनं सहा मूकपट काढले होते: ‘गोपालकृष्ण’, ‘खुनी खंजीर’, ‘राणीसाहेबा’, ‘उदयकाल’, ‘जुलूम’ आणि ‘चंद्रसेना’. पडद्यावर कंपनीच्या बोधचिन्हातली बाई तुतारी फुंकायची आणि ऐकू यायचं ते फक्त पडद्याखाली बसलेल्या पेटी-तबलावाल्यांचं वाजवणं.

हल्ली तुतारी म्हटलं की निवडणूक आठवते, म्हणून स्पष्ट करतो की माझा विषय सिनेमाचा आहे. मी हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवून निवृत्त झालो. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या कितीतरी पिढ्यांना मी हे बोधचिन्ह समोर ठेवून काढायला लावलं आहे. कारण सरळ आहे. मानवी देहाचा तोल कसा काढायचा हे शिकवायला आपल्याकडं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

नीट बघा. बाई मागं झुकली आहे, मान वर केलेली, आणि तुतारीचं तोंड आकाशाकडं. शरीराचा बाक आणि वाद्याचा बाक यांची मिळून एकच रेघ होते, पायापासून निघून तुतारीच्या टोकाला सुटणारी. नवखं पोर आधी चेहरा काढतं, मग हात, मग तुतारी, आणि बाई मागं पडते की काय असं चित्र तयार होतं. मग मी सांगायचो, आधी तो बाक एका दमात काढ, बाकीचं त्यावर बसव. फुंकणाऱ्याचा जोर गालात नसतो, पोटातून आणि पाठीतून येतो. तो जोर या चित्रात दिसतो, म्हणूनच आवाज नसताना ते वाजतं. मूकपटाच्या कंपनीला याहून योग्य चिन्ह मिळालं नसतं, असं माझं ठाम मत आहे. न ऐकता ऐकू यावं, हेच तर तेव्हाच्या दिग्दर्शकाचं, नटाचं आणि कॅमेरावाल्याचं काम होतं.

हे चित्र ज्या घरातून आलं ते घर चित्रकारांचं होतं, हे विसरून चालणार नाही. प्रभातच्या आधी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी होती आणि तिच्या मुळाशी बाबूराव पेंटर. मूळ आडनाव मेस्त्री, जन्म 1890 चा. ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, रस्ता असे पडदे सोडले की प्रेक्षकांतून टाळ्या पडायच्या. सिनेमा बघितला आणि दोघांना ध्यास लागला. बाहेरून कॅमेरा आणायचा तर पैसा नाही, म्हणून स्वतःच करायला घेतला. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी हार मानली नाही, आणि विष्णुपंत दामले यांच्या साथीनं लेथवर एकेक भाग कातून त्यांनी चालता कॅमेरा उभा केला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा जो स्तंभ आहे तो या खटपटीचा आहे. त्याच्या बाजूनं रोज हजारो गाड्या जातात. ज्यांना तो कशाचा आहे हे माहीत नाही त्यांनी एकदा थांबून वाचावं.

त्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ झाला. 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्यात मंडईजवळच्या आर्यन थिएटरात तो लागला. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते या चित्रपटानंतर. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला की सेन्सॉरनं त्याला कात्री लावली. बाबूराव प्रसंग चित्रित करण्याआधी कागदावर काढायचे. कोण कुठं उभा, उजेड कुठून, मागच्या कमानीची सावली कुठवर, सगळं आधी रेखाटनात ठरायचं. ‘सिंहगड’, ‘कल्याण खजिना’, ‘सावकारी पाश’ हे सगळं त्याच हाताचं काम. जाहिरातीची भित्तिपत्रकंही ते स्वतः रंगवायचे.

या तालमीत जी पोरं घडली तीच पुढं प्रभातचे मालक झाली. दामले यंत्रातही पक्के आणि कुंचल्यातही. शेख फत्तेलाल, सगळ्यांचे साहेबमामा, कागलचे, जातिवंत चित्रकार. या दोघांनी मिळून महाराष्ट्र फिल्म कंपनीत ‘कर्ण’ दिग्दर्शित केला होता. केशवराव धायबर कॅमेऱ्यावर. शांताराम वणकुद्रे गंधर्व नाटक मंडळीत उमेदवारी करून, हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात हात काळे करून बाबूरावांकडं आलेला. पडेल ते काम करता करता 1927 मध्ये ‘नेताजी पालकर’चा दिग्दर्शक झाला. या चौघांना सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांनी भांडवलाची साथ दिली आणि कंपनी उभी राहिली. सराफाला सोन्याची पारख असते आणि माणसांचीही, हे सीतारामपंतांनी दाखवून दिलं.

आता त्या तुतारीवाल्या बाईकडं परत या आणि ती बाई आहे याचा विचार करा. 1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. शेवटी ती भूमिका साळुंके नावाच्या तरुणानं केली. बाबूरावांनी ‘सैरंध्री’त गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना पडद्यावर आणलं. समाजानं त्या दोघींना काय काय ऐकवलं असेल याची कल्पना आजच्या मुलींना येणार नाही. आणि 1929 मध्ये त्याच परंपरेतल्या एका कंपनीनं आपल्या कपाळावर बाईच कोरली, तीही मान खाली घातलेली नाही, साऱ्या मुलखाला जागं करणारी. तीन वर्षांनी याच कंपनीनं हरिश्चंद्राची तीच गोष्ट ‘अयोध्येचा राजा’ म्हणून केली, तेव्हा तारामती होत्या दुर्गा खोटे. पुरुष तारामतीपासून दुर्गाबाईंपर्यंतचं अंतर एकोणीस वर्षांत कापलं गेलं, आणि ही तुतारीवाली त्या वाटेवर उभी आहे. बोधचिन्हाच्या इतिहासात मला सगळ्यांत मोलाचं हेच वाटतं.

चिन्हाची गरजच काय होती, असं मुलं विचारतात. त्या काळी दोन गरजा होत्या. पहिली चोरीची. फ्रान्समधल्या पाथे कंपनीचा कोंबडा आणि मेलिएसच्या ‘स्टार फिल्म’चा तारा प्रसिद्ध आहेत. ही चिन्हं ते लोक सेटवरच, कुठं भिंतीवर कुठं पडद्यावर, लावून ठेवायचे, म्हणजे कुणी रीळ चोरून नक्कल काढली तरी मालक कोण हे चित्रातच दिसावं. दुसरी गरज आपल्याकडं जास्त खरी होती. मूकपटाचा प्रेक्षक बराचसा निरक्षर होता. मधेमधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचा. अशा माणसाला कंपनीचं नाव वाचता येत नव्हतं, पण तुतारीवाली बाई ओळखता येत होती. बाजारासाठी गावात आलेला शेतकरी ती बाई बघून तिकीट काढत असणार. चित्र हेच त्याचं अक्षर होतं.

त्या सहा मूकपटांतल्या ‘उदयकाल’बद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं. 1930 चं साल, मिठाचा सत्याग्रह पेटलेला. शांतारामांनी शिवाजी महाराजांवर चित्रपट केला, महाराज स्वतः झाले आणि नाव ठेवलं ‘स्वराज्याचं तोरण’. सरकारी सेन्सॉरला ‘स्वराज्य’ हा शब्द पडद्यावर नको होता. किल्ल्यावर झेंडा चढवण्याच्या प्रसंगालाही हरकत आली. नाव बदललं, प्रसंग कापले, मगच चित्रपट सुटला. विचार करा, ज्या चित्रपटात एक अक्षर बोललं जात नव्हतं त्याची सरकारला एवढी धास्ती होती. मूकपट म्हणजे बाल्यावस्थेतला, अपुरा सिनेमा असं जे आपण सहज म्हणून टाकतो ते किती चूक आहे हे या एका उदाहरणावरून कळावं. ‘राणीसाहेबा’ लहान मुलांसाठी केला होता. ‘चंद्रसेना’त कॅमेरा चाकांवर ठेवून हलवला. प्रभातचं पुढचं सगळं वैभव या अडीच-तीन वर्षांच्या कामावर उभं आहे.

त्या वैभवाची कथा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. 1933 मध्ये कंपनी पुण्याला गेली. तुतारीला आवाज आला. 1936 चा ‘संत तुकाराम’ पुढच्या वर्षी व्हेनिसला नावाजला गेला. तो दिग्दर्शित केला दामले आणि फत्तेलाल यांनी, एक ब्राह्मण आणि एक मुसलमान, दोघेही कोल्हापूरच्या पडदे रंगवण्याच्या परंपरेतले. शांतारामांनी 1942 मध्ये कंपनी सोडली, दामले 1945 मध्ये गेले, आणि पन्नाशीच्या दशकात कंपनी बंद पडली. त्याच जागेवर 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली. रस्त्याला प्रभातचं नाव राहिलं. पुण्यातल्या थिएटरालाही ते ऐंशी वर्षं होतं, मग करार संपला आणि तिथलं नाव बदललं.

उरलं ते बोधचिन्ह. आणि त्याचं आपण काय केलं? पुरस्काराच्या सन्मानचिन्हावर, निमंत्रणपत्रिकेवर, कमानीवर ते सगळीकडं आहे. मध्यंतरी एका सांस्कृतिक कार्यक्रमाला गेलो होतो. व्यासपीठामागं भला मोठा फ्लेक्स आणि त्यावर तुतारीवाली. जागा आडवी होती म्हणून कुणीतरी संगणकावर तिला दोन्ही बाजूंनी ताणलं होतं. पाठीचा बाक गेला, तुतारी आडवी झाली, बाई ठेंगणी झाली. आत आल्यावर मला व्यासपीठावर बसवत नव्हतं. आयोजकांना सांगितलं, ते म्हणाले, “सर, कुणाच्या लक्षात येत नाही.” माझं दुःख नेमकं तेच आहे. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण चित्र कुणी बघितलंच नव्हतं.

मला तक्रार फ्लेक्सची करायची नाही. चिन्ह वापरू नका असंही माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं असं, की चिन्ह मिरवायचं आणि ज्या कामावर ते उमटलं ते काम हरवू द्यायचं, हे महाराष्ट्राला शोभत नाही. भारतात सुमारे तेराशे मूकपट झाले. त्यातले उरले फार थोडे, आणि त्यांतलेही बरेच तुकड्या-तुकड्यांत. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या एवढ्या मोठ्या कामातून ‘मुरलीवाला’, ‘सती सावित्री’ असे अवशेष राहिले. प्रभातच्या सहा मूकपटांपैकी एखादा मी तुम्हाला चला बघून येऊ म्हणून थिएटरात नेऊ शकत नाही.

हे असं का झालं त्याची कारणं कुणा एकाच्या नावावर टाकता येणार नाहीत. त्या काळचं रीळ नायट्रेटचं. दिसायला सुंदर, उजेडात चांदीसारखं चमकणारं, पण स्वभावानं स्फोटक. एकदा पेटलं की पाण्यात बुडवलं तरी विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू ते स्वतःच तयार करतं. उष्ण, दमट हवेत ते आपोआप सडतं. आधी चिकट होतं, मग मधासारखं पाझरतं, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. बोलपट आले आणि मूकपटांची किंमत रद्दीएवढी झाली. रिळात चांदी असते, ती काढून घ्यायला लोक शेकड्यांनी डबे विकत घेत. आणि जे जपलं गेलं त्यातलंही बरंच 8 जानेवारी 2003 ला पुण्यात, जुन्या प्रभातच्याच आवारात, चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांना लागलेल्या आगीत गेलं. प्रभातचीही जुनी रिळं त्यात होती. अनेकांच्या सुरक्षित प्रती आधी करून ठेवलेल्या होत्या, म्हणून आज आपण ‘तुकाराम’ बघतो. ज्यांनी ते काम मुकाट्यानं केलं, त्यांचे आपल्यावर फार मोठे उपकार आहेत.

यावर एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो, की मूकपट आज बघणार कोण? याचं उत्तर मी वर्गात घेतलं आहे. फाळक्यांचा 1919 चा ‘कालिया मर्दन’ शाळेच्या पडद्यावर लावला. कृष्ण झाली आहे त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी. तबला शिकणाऱ्या एका मुलाला पडद्याखाली बसवलं आणि सांगितलं, बघशील तसं वाजव. सुरुवातीला दहा मिनिटं कुजबुज झाली. मग मंदाकिनीच्या खोड्यांवर पोरं हसायला लागली, आणि ती पाण्यात उतरली तेव्हा वर्ग इतका गप्प झाला की तबल्यावरचा हात थांबलेला मला ऐकू आला. संपल्यावर एका मुलीनं विचारलं, “सर, अजून आहे का?” मुलांना मूकपट कळतो. आपण तो दाखवत नाही, एवढीच गोष्ट आहे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. कोल्हापूरला चित्रपटसृष्टीची नगरी म्हणवणाऱ्या प्रत्येक संस्थेनं एकत्र बसून मूकपटकाळातल्या छायाचित्रांची, जाहिरातींची, पुस्तिकांची, रेखाटनांची एक यादी करावी, आणि ती लोकांना बघता येईल अशी ठेवावी. बाबूरावांची रेखाटनं आणि प्रभातच्या जाहिराती शाळेच्या चित्रकलेच्या पुस्तकात यायला हव्यात. ग्रेड परीक्षेला पुष्पगुच्छ काढणारी मुलं तुतारीवालीही काढतील. शासनानं जे मूकपट उरले आहेत ते जिल्ह्याच्या ठिकाणी, वादकांसह, वर्षातून एकदा तरी दाखवावेत. आणि तुतारीचं चिन्ह वापरणाऱ्यांनी निदान ती ताणू नये.

बाकीचं काम वाचकांचं आहे. कोल्हापूर, पुणे, सांगली, बेळगाव, मुंबई इथल्या जुन्या घरांतल्या माळ्यांवर, पेट्यांमध्ये, जुन्या थिएटरवाल्यांच्या गोदामांत अजूनही काही ना काही सापडतं. मी स्वतः जुन्या बाजारात प्रभातच्या चित्रपटाची गाण्यांची पुस्तिका वजनावर विकली जाताना बघितली आहे. मलपृष्ठावर तुतारीवाली होती, छपाईचा ठसा झिजलेला, शाई बाकात साचलेली, तरी बाकाचा जोर जसाच्या तसा. असं काही तुमच्याकडं असेल तर रद्दीवाल्याला देऊ नका. फिल्मचा गंजलेला डबा सापडला तर तो उन्हात, गॅसजवळ किंवा देवघरातल्या समईजवळ उघडू नका, रीळ ओढून बघू नका, व्हिनेगरसारखा किंवा आंबूस वास आला तर पोरांना लांब ठेवा. तो थंड, हवेशीर जागी बंदच राहू द्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. आजोबा कंपनीत सुतार होते, पेटी वाजवत होते, पडदे रंगवत होते असं घरात बोललं जात असेल, तर त्यांच्याकडचे फोटो मागून घ्या, मागं नाव आणि साल लिहा. हे काम या महिन्यातच करा, कारण पावसाळ्यात नायट्रेट फार झपाट्यानं सडतं.